पावडरचा डबा, लाल गोळी आणि आपल्या लेकींचे रक्त

गेल्या वर्षी वर्षावासाच्या काळात उत्तर नागपुरातील एका बुद्धविहारात आम्ही दर रविवारी कायदेविषयक सल्ला देत होतो. ग्रंथवाचन आटोपले की ज्यांना काही विचारायचे असेल ती माणसे मागे थांबत. बहुतेक प्रश्न ठरलेले. जातवैधता, घराचा पट्टा, नवऱ्याने टाकलेली बहीण, पोलिसांनी न घेतलेली तक्रार. एका रविवारी एक मावशी पुढे आल्या, पिशवीतून पावडरचे दोन डबे काढून सतरंजीवर ठेवले आणि म्हणाल्या, "वकीलबाई, याचे पैसे वापस भेटतीन का?"

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. डब्याची किंमत १,८५० रुपये. असे तीन डबे त्यांनी आठवड्याला शंभर रुपयांच्या हप्त्याने घेतले होते, तेही आपल्याच बचत गटातील एका बाईकडून. डबा त्यांच्या स्वतःसाठी नव्हता, एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी होता. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सारखी थकते, जिना चढताना धाप लागते, थंडी पडली की हातपाय ठणकतात. डबा विकणारीने सांगितले होते, "पोरीच्या अंगात रक्त नाही. दवाखान्याच्या लाल गोळ्या बंद कर, त्या गरम पडतात. हा डबा चालू कर, पाळीची तक्रारही जाईल." तीन डबे संपत आले, पण पोरीचा थकवा काही गेला नाही.

मी डबा हातात घेऊन वाचला. समोर हसऱ्या गोऱ्या बाईचे चित्र, खाली 'खास महिलांसाठी' आणि जीवनसत्त्वांची लांबलचक यादी. मागच्या बाजूला भिंग लावून वाचावे लागेल अशा अक्षरात लिहिलेले होते की हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही. एका चमच्यात लोह किती, तर काही मोजके मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. म्हणजे मावशींनी साडेपाच हजार रुपये मोजून जास्त लोह सोडले आणि कमी लोह घेतले! आणि खरी गोष्ट तर पुढेच होती. त्या मुलीला लोहाची कमतरता होती की आणखी काही, हे तोवर कोणी तपासलेलेच नव्हते.

हा केवळ एका मावशीचा प्रश्न असता तर मी या स्तंभाची जागा अडवली नसती. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. त्याआधीच्या चौथ्या पाहणीत ते ४८ टक्के होते. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्यात बायकांचे रक्त पाच वर्षांत वाढले नाही, घटले! अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांत हे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे, हेही याच पाहण्या सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेने २०१८ च्या अहवालात एक आकडा दिला होता. दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षे! एका बाईच्या आयुष्यातून एवढी वर्षे गळून पडतात, आणि ती कुठे जातात याचा जाब कोणी कोणाला विचारीत नाही.

लोहाची गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आजचा नाही, तो १९७० पासूनचा आहे. २०१८ मध्ये त्याला 'ॲनिमिया मुक्त भारत' असे नवे नाव मिळाले. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस; शाळा-कॉलेजातील मुलींना आठवड्याला एक निळी गोळी; लहान मुलांना गुलाबी. पूर्वी गरोदर बाईच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह असे, ते आता ६० केले आहे. त्यामुळे पोटाला त्रास कमी होतो. ही गोळी नियमित घेतलेल्या बाईचे हिमोग्लोबिन टिकते आणि कमी वजनाचे मूल जन्माला येण्याचा धोका घटतो. बाळंतपणात रक्त जाते ते सगळ्यांचेच. पण अंगात बारा ग्रॅम असणारी जे सहन करते ते सहा ग्रॅमवाली सहन करू शकत नाही. बाळंतपणात आपल्या आया-बहिणी दगावतात त्यात हा मोठा हिशोब असतो.

पण गोळी खातो कोण? त्याच पाचव्या पाहणीप्रमाणे देशात १८० दिवस किंवा अधिक गोळ्या घेतलेल्या माता २६ टक्केच होत्या. उरलेल्या गोळ्या कुठे जातात हे आशाताईंना विचारा. फळीवर, डब्यात, उकिरड्यावर. 'आमच्या बायका अडाणी आहेत' असे म्हणून मोकळे होणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत. मला ते मान्य नाही. गोळीने मळमळते, शौचाला काळी होते, खडा होतो हे खरेच आहे. पण काळी शौच म्हणजे न शोषलेले लोह बाहेर पडणे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, एवढे एक वाक्य गोळी हातावर ठेवताना कोणी सांगत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, हेही कोणी सांगत नाही. गोळीने मूल फार मोठे होते आणि बाळंतपण अडते, ही भीती तर घरोघर आहे. ती खोटी आहे.

शिवाय सरकारी गोळीवरचा अविश्वास काही हवेतून आलेला नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या. तेरा स्त्रिया दगावल्या. त्या कोणत्या समाजाच्या होत्या हे वेगळे सांगायला नको. त्या वेळी त्यांना दिलेल्या गोळ्यांवरही संशय घेतला गेला. पुढे २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा सरकारने दिलेली गोळी हातात घेऊन आपली बहीण थबकते तेव्हा ती मूर्ख नसते, तिला आठवण असते. तिला उत्तर द्यायचे असेल तर दटावून चालणार नाही, पाकीट दाखवावे लागेल. गोळी पट्टीतच घ्यावी, तिच्यावर तारीख व बॅच नंबर असतो. पुडीत बांधून दिलेली, ओल लागलेली, फुटलेली गोळी परत करावी. बदलून मागणे हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

'हक्क' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्या खर्चाचा भार मालकाने व सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढे घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात जनतेचे पोषणमान व आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून आहार आणि किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. ही साखळी डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे कळते की ती लाल गोळी कोणा मंत्र्याच्या फोटोसकट आलेली भेट नाही.

इथे थोडे विषयांतर करते. रक्तक्षयावर बोलायला येणारे तज्ज्ञ आमच्या वस्तीत येऊन खजूर, डाळिंब आणि सुका मेवा खा म्हणून सांगतात. कोणाला सांगता? आमच्या आज्या रक्ती, वजडी, चान्या खात होत्या. त्यावरून हिणवले गेले ते वेगळे, पण मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा अंगी सहज लागते, हे विज्ञान आहे. मार्च २०१५ पासून या राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले, पण कत्तलीची बंदी कायम ठेवली. गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त लोह कायद्याने काढून घ्यायचे आणि मग त्याच गरिबाला 'ॲनिमिया मुक्त' करायची मोहीम काढायची, हा काय न्याय आहे? आज अंडी, सुकट, परवडेल तेव्हा कलेजी, हरभऱ्याचा पाला, मटकी, बाजरी यांवर भागवावे लागते. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा-पेरू खाल्ला तर लोह जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर वाया जाते. गरोदरपणात मिळणारी कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. मात्र पंधरा दिवसांच्या मजुरीत घर चालवणाऱ्या बाईचे सगळे लोह ताटातून भरून निघेल असे मी म्हणणार नाही. गोळी लागतेच.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण इथेच आपल्या समाजाचा खास धोका आहे. 'अंगात रक्त नाही' हे निदान नव्हे. हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणे वेगवेगळी असतात. लोह कमी असेल, जंत असतील, पाळीत जास्त रक्त जात असेल, बी-१२ कमी असेल. आणि विदर्भात, सातपुड्यात आणखी एक कारण असते ते म्हणजे सिकलसेल. आपल्या देशात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील रुग्णांबद्दल लिहिले. गोंड, माडिया, परधान, भिल्ल यांच्यात तो आहे, तसाच तो पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणात आहे. काही जण यावरूनही 'जातीच्या रक्तातच दोष' असे कुजबुजतात. त्यांना सांगा, हा गुण मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहिला, कारण एकाच बाजूने तो मिळालेल्या माणसाला मलेरिया सहजासहजी मारू शकत नव्हता. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. मनूने तो कोणाला दिलेला नाही.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. साधी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा ते वीस दिवस. त्यामुळे हिमोग्लोबिन कमीच राहते, डोळे पिवळसर दिसतात, सांधे-हाडे ठणकतात, थंडीत वा पाणी कमी पडले की जास्त. पण फुटलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते, ते पुन्हा वापरले जाते. म्हणजे अशा मुलीला रक्त कमी असूनही लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साचत जाते. एका बाटलीतून दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह येते आणि ते बाहेर टाकायची वाटच शरीराला नाही. ते यकृतात व हृदयात साठते. अशा रुग्णाला 'रक्त वाढावे' म्हणून कोणी प्रेमाने महिनोन्‌महिने लोहाची गोळी वा लोहयुक्त टॉनिक पाजत राहिले, तर ते प्रेम घातक ठरते. तिला गरज असते फॉलिक ॲसिडची, भरपूर पाण्याची, लसींची आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाची. लग्न झालेल्या मुलीने मूल हवे असल्यास हे औषध आधी डॉक्टरांना विचारून थांबवायचे असते. काही सिकलसेल रुग्णांना लोहही कमी असते. मग ते तपासून देतात. तपासून, अंदाजाने नव्हे.

याचा उलटा अर्थही कोणी काढू नये. 'आपल्यात सिकलसेल असते म्हणून लाल गोळी घ्यायचीच नाही' असा निरोप वस्तीत फिरला तर मी हा लेख लिहून पाप केले असे होईल. जी बाई केवळ वाहक आहे, म्हणजे जिला हा गुण आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाला आहे, ती रोगी नाही. तिला लोहाची कमतरता असेल तर तिने इतरांसारखीच गोळी घ्यावी. ज्यांना आजार नाही अशा बहुसंख्य बायकांनी तर घ्यावीच. म्हणून एकदा सिकलसेलची तपासणी करावी. ती आयुष्यात एकदाच लागते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी होते, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण हे ठरते. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. आपण कुंडल्या जुळवणे सोडले, चांगले केले. पण रक्ताचा कागद पाहायला आपल्या सुशिक्षित घरांनाही लाज वाटते. मुलीचा अहवाल दडवून लग्न लावून दिल्याची आणि मग सासरी दोष मुलीच्या माथी मारल्याची प्रकरणे माझ्याकडे येतात. ती घटस्फोटाची म्हणून येतात, असतात रक्ताची.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असलाच पाहिजे. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्या त्या नकाशात कुठे आहेत? सरकारने यावे म्हणून निवेदने द्यावीत, जरूर द्यावीत. दरम्यान आपल्या विहारांत दर पौर्णिमेला शे-दोनशे माणसे जमतात, तिथे आरोग्य केंद्राचे पथक बोलावायला कोणाची परवानगी लागते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत घातले आहे, हेही किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

एक सूचना घरातल्या सगळ्यांसाठी. लाल गोळी गोड आवरणाची असते, लेकरांना चॉकलेट वाटते. दहा किलो वजनाच्या लेकराने दहा गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकते. गोळ्या उंच ठेवा, आणि असे झालेच तर उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता डब्याचा कायदा. अशी पावडर २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली येते. म्हणजे ती अन्न आहे, औषध नव्हे. अन्न म्हणून विकता तर 'रक्तक्षय बरा होतो' असे सांगता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्या कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकता तर औषधाचा परवाना दाखवा, आणि तरीही 'पाळीची तक्रार दूर होते' अशी जाहिरात १९५४ च्या चमत्कारी उपाय जाहिरात कायद्याने मनाई केलेली आहे. दोन्हीकडून अडकतात. अडचण अशी की छापील कागदावर हे कोणी लिहीत नाही, ते बाईच्या तोंडून बाईच्या कानात सांगितले जाते. थेट विक्रीचे २०२१ चे नियम साखळी जोडून पैसा फिरवण्यास बंदी घालतात आणि विकणाऱ्याकडे ओळखपत्र असण्याची सक्ती करतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पावती मात्र हवी. मावशींकडे पावती नव्हती, हप्त्यांची वही होती.

मी त्यांना म्हटले, पैशाचे नंतर पाहू, आधी पोरीला घेऊन या. दोघी पुढच्या रविवारी आल्या. मुलीच्या डोळ्यांत पिवळी झाक होती. शाळेत असताना ती निळी गोळी नेमाने खात होती. त्या गोळीने तिचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही, आठवड्याच्या एका गोळीने तेवढे होत नाही. नुकसान झाले ते वर्षांचे. तिसऱ्या आठवड्यात अहवाल आला. सिकलसेल, 'एसएस'. ती ओळ वाचताना मावशी रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे हे पोरीचं आळशीपण नव्हतं ना?" आता तिला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, महिन्याकाठी दवाखान्यात जाते, कॉलेजही सुरू आहे.

डबे विकणाऱ्या बाईंना मी नोटीस पाठवणार होते. त्यांच्या घरी गेले तर खाटेखाली नऊ डबे पडलेले. 'वरच्या पायरीवर' जाण्यासाठी त्यांनी बचत गटाचे बावीस हजार रुपये उचललेले होते. त्याही आपल्याच, त्यांनाही कोणीतरी सभागृहात बोलावून टाळ्या वाजवून फसवलेले. मग तक्रार कंपनीविरुद्ध लिहिली. कंपनीच्या वकिलाचे म्हणणे असे की उत्पादन अन्न आहे, आम्ही कसलाही दावा केलेला नाही, आणि विकणारी बाई व्यापारी असल्याने ती ग्राहकच नाही. ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेल्या खरेदीला अपवाद आहे, आमची भिस्त त्यावर आहे. तक्रारदार क्रमांक एक मावशी, क्रमांक दोन त्या डबेवाल्या बाई. पुढच्या तारखेला हप्त्यांची वही आणि ते नऊ डबे दोन्ही आयोगापुढे ठेवायचे आहेत.